आत्यांच्या हातचं पाणी

आमच्या घरी आलेल्या माणसाला आधी पाणी मिळायचं आणि मग तुम्ही कोण, कुठले, हे विचारलं जायचं. ही आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, शालूबाईंची पद्धत. मीटर बघायला आलेला असो, वर्गणी मागायला आलेला असो नाहीतर पत्ता चुकलेला असो, सांगलीजवळच्या माधवनगरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात तांब्या-पेला पुढं यायचाच. उन्हाळ्यात वर गुळाचा खडा. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढं सवय झाली. त्या सवयीचाच हात धरून एक माणूस आमच्या घरात शिरला.

त्याचं नाव निमिष. वाईचा. कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, खांद्याला जड बॅग आणि बोलणं असं मवाळ की रागावायला जागा सापडू नये. पाणी शुद्ध करायची मशीनं विकायचा. पण दारात उभं राहून त्यानं मशीनचं नावसुद्धा काढलं नाही. घाम पुसत एवढंच म्हणाला, "काकू, जरा पाणी मिळेल का?"

आत्या लगबगीनं उठल्या. त्यानं अर्धा पेला पाणी प्यायलं, माठाच्या गारव्याचं कौतुक केलं आणि हळूच आत येऊन बसला. भिंतीवर मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हार घातलेला फोटो होता. नाथाजी हवालदार. फौजेतून निवृत्त झाल्यावर इथल्याच एका मिलमध्ये वॉचमन होते आणि गेल्या दिवाळीच्या सुमाराला किडनीच्या आजारानं गेले. निमिषनं विचारलं, काकांना काय झालं होतं? आणि मग तो गप्प बसला. आत्यांनी सगळं सांगितलं. आम्हा कुणाला सांगितलं नव्हतं ते पण सांगितलं.

मी आत भाकऱ्या थापत होते. बाहेर आले तर आत्यांनीच दिलेला तो अर्धा पेला जमिनीवर ठेवलेला, शेजारी त्याच्या बाटलीतल्या पाण्याचा दुसरा पेला, आणि दोन्हींत लोखंडी कांड्या सोडलेलं एक झाकण विजेच्या बटणाला जोडलेलं. बघता बघता आत्यांच्या पेल्यातलं पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग वर गाळासारखा फेस आला. त्याचं पाणी होतं तसं राहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मी काहीच बोलत नाही काकू. काकांच्या पोटात इतकी वर्षं काय जात होतं, ते तुम्हीच बघा."

आत्यांनी मान हलवली. तेवढ्यावर मशीन विकलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर चढलंसुद्धा. मी बारावीला सायन्स घेतलं होतं. यात काहीतरी खोट आहे असं मला वाटत होतं, पण काय ते त्या घडीला सांगता येईना. शिवाय घरात शुद्ध पाणी आलं तर बिघडलं काय, असाही विचार केला. तिथंच माझं चुकलं, कारण मी मशीनकडं बघत बसले आणि आत्यांकडं बघायचं राहिलं.

आधी दारातला तांब्या गेला. पोस्टमन आला, सवयीनं थोडा थांबला आणि आत्या जाग्यावरून हलल्या नाहीत. तो बिचारा ओशाळून निघून गेला. मग आत्यांचे ओठ फुटायला लागले. सकाळी चहाचे दोन घोट, भाकरी दुधात कुस्करून चार घास, बाकी दिवसभर काही नाही. विचारलं तर म्हणायच्या, तहान न्हाई गं लागत. सांगलीच्या उन्हाळ्यात तहान लागत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला खरं तर तिथल्या तिथं धरायला हवं. एक दिवस त्या मोरीपाशी चक्कर येऊन पडल्या तेव्हा माझे डोळे उघडले.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, जीभ बघितली, रक्त तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की किडनीवर ताण आलेला आहे. सलाईनवर माणूस जगवता येत नाही, तोंडानं पाणी जायला पाहिजे, असंच चालू राहिलं तर त्यांच्या हातातही काही राहणार नाही. मामांच्या वेळी हेच डॉक्टर होते. ते बोलत होते आणि मला त्या खोलीतलं सगळं पुन्हा दिसत होतं, तीच खाट, तोच वास. 

घरी आणल्यावर मी मशीनचं पाणी पेल्यात घेऊन त्यांच्यापुढं बसले. म्हटलं, घाण पाण्याची भीती वाटत असेल तर हे स्वच्छ आहे, त्यासाठीच तर घेतलं. त्यांनी पेला हातानं बाजूला सारला.

"त्यास्नी मिळालं न्हाई ते," त्या म्हणाल्या. "मग मी कशी पिऊ?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामा दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत. रात्री उशाला तांब्या आत्याच ठेवायच्या, सकाळी उठल्या उठल्या पेला आत्याच द्यायच्या. दुखण्यात तर चमच्यानं पाजलं. आत्यांच्या हिशेबानं ते सगळं त्या पेल्यातलं तपकिरी पाणी होतं. नवऱ्याला आपण आपल्या हातानं रोज थोडं थोडं मारलं, हे त्या इतक्या साधेपणानं सांगत होत्या की मला बसल्या जागी धडकी भरली. डोळ्यांत टिपूस नाही. कोरड्या ठाक डोळ्यांनी त्या फोटोकडं बघत होत्या.

माझा नवरा जयराज फौजेत, तिकडं वर, कुठं ते तो सांगत नाही. सुट्टी मिळेना. फोनवरून त्यानं आईला स्वतःची शपथ घातली. आत्या म्हणाल्या, व्हय रं बाळा, पिती. फोन माझ्या हातात दिला, पेला घेऊन अंगणात गेल्या आणि पाणी तुळशीला घालून आल्या. मी खिडकीतून बघितलं. त्या दिवशी मी भिंतीला डोकं टेकून रडले, आणि रडून झाल्यावर मला भयंकर राग आला.

तोवर मी जुनी पुस्तकं काढून बघितली होती. पाण्यात क्षार असतात, क्षारांमुळं वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाच्या कांड्या झिजतात आणि तो गंज पाण्यात उतरतो. घाण पाण्यातली नसतेच, कांड्यांची असते. मशीनच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात म्हणून ते स्वच्छ राहतं. मी हे आत्यांना तीनतीनदा समजावलं. त्या म्हणाल्या, तू शिकल्याली हायस, तुझं बरोबर असंल, पर मी डोळ्यानं बघितलंय. यापुढं मी हात टेकले. ज्यानं दाखवलं त्यानंच येऊन ते पुसायला पाहिजे होतं.

मशीनवर त्याचा नंबर चिकटवलेला होता. कधीही फोन करा असं वर लिहिलेलं. पहिल्यांदा त्यानं उचलला. मशीनची काही तक्रार का, म्हणाला, मी आता साताऱ्याकडं असतो, मुलगा पाठवतो. मी सासूचं सांगायला लागले तर आवाज येत नाही म्हणून ठेवला. त्यानंतर उचललाच नाही. कंपनीच्या ऑफिसात फोन लावून मी गोड आवाजात म्हटलं, आमच्या बहिणीला साताऱ्यात मशीन घ्यायचंय, निमिषसाहेब कुठं भेटतील? फसवाफसवी मलाही येते, गरज पडली की. तिथल्या मुलीनं सोसायटीचं नाव सांगून टाकलं. शेजारच्या प्रियदर्शनीला आत्यांजवळ बसवलं आणि पहाटेची एसटी धरली.

सोसायटीत एका फ्लॅटचं दार उघडं होतं. आत सोफ्यावर चार बायका आणि मधे निमिष. मी दाराबाहेरच थांबले. तो म्हणाला, काकू, जरा पाणी मिळेल का? तोच आवाज, तसंच घाम पुसणं. पाणी आलं. अर्धा पेला प्यायला. मग विचारलं, घरात कुणाला काही त्रास? आणि गप्प बसला. त्यातली वयस्कर बाई मुलाच्या मुतखड्याचं सांगायला लागली, आणि मी बघत होते की तिच्या प्रत्येक वाक्यागणिक तो थोडा थोडा पुढं झुकतोय. त्यानं झाकण बाहेर काढलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही, का ते माहीत नाही.

"त्या पेल्याला हात लावू नका," मी म्हटलं. "तुमचा हा खेळ बघून माझी सासू मरायला टेकलीय."

त्याचा चेहरा उतरला. वायर गुंडाळून, त्या बायकांना काहीतरी पुटपुटून तो बाहेर आला. जिन्यात मी त्याला सगळं सांगितलं, आणि सांगताना जे जे तोंडाला आलं ते बोलले. त्यानं एकदाही मला अडवलं नाही. मी थांबल्यावर म्हणाला की हे कबूल केलं तर त्याची नोकरी जाईल. शिरवळच्या कारखान्यातून काढल्यापासून तो काय काय विकत फिरतोय, घरी वडील अंथरुणाला आहेत. मी म्हटलं, माझ्याही घरी माणूस अंथरुणालाच आहे, आणि तुमच्यामुळं आहे.

तो पायरीवर बसला. "ट्रेनिंगमध्येच शिकवतात," तो खाली बघत म्हणाला. "आधी पाणी मागायचं. पाणी दिलं की माणूस आपल्याला घरातला समजतो. मग आजार विचारायचा आणि गप्प बसायचं. पुढचं सगळं गिऱ्हाईकच बोलतं." मग म्हणाला, "काकांच्या पोटात काय जात होतं, हे वाक्य मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. ते माझं होतं."

मी त्याला चल म्हटलं नाही. तो आपणहून उठला आणि माझ्यामागून स्टँडपर्यंत आला. शरमेनं आला की मी पोलिसात जाईन या भीतीनं, ते मी विचारलं नाही. मला तो घरी पाहिजे होता, एवढंच. आम्ही सांगलीची एसटी धरली. कऱ्हाडला त्यानं चहा विचारला, मी नको म्हटलं, मग तोही प्यायला नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आत्या खाटेवर पडून होत्या. चेहरा सकाळपेक्षा ओढलेला. प्रियदर्शनीनं डोळ्यांनीच मला सांगितलं की काही घेतलं नाही. आत्यांनी निमिषला ओळखलं आणि उठून बसायला लागल्या, पाहुणा आला म्हणून. त्यानं त्यांचे पाय धरले. मग भिंतीवरच्या मशीनचं पाणी पेल्यात घेतलं, कांड्या सोडल्या, बटण दाबलं. पाणी स्वच्छ राहिलं. त्यानं माझ्याकडं मीठ मागितलं. चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाबलं, आणि तेच शुद्ध पाणी डोळ्यांदेखत गढूळ झालं, आत्यांच्या पेल्याचं झालं होतं तसंच, वर फेसासकट.

"काकू, हे मशीनचं पाणी आहे," तो म्हणाला. "ही घाण पाण्यातली नाही, या लोखंडाची आहे. तुमचं पाणी चांगलंच होतं. मी तुम्हाला फसवलं."

 आत्यांनी वाकून पेल्यात बघितलं.

"म्हंजी मशीनचंबी खराबच," त्या म्हणाल्या. "आन मीठबी."

 निमिष पुन्हा समजवायला लागला. आमच्या दारात ज्याची जीभ एकदाही अडखळली नव्हती, त्याला आता खरं सांगताना शब्द सापडेनात. तो वीज म्हणाला, क्षार म्हणाला, आपल्या आईची शपथ घ्यायला निघाला. आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"शपथ घेऊ नगंस, लेकरा. हिनं तुला आणलंय ते कळतंय मला. माझा जीव ऱ्हावा म्हणून खोटं बोलतुयास. लय गुणाचा हायस."

म्हणजे खोटं बोलला तेव्हा त्याच्यावर विश्वास, आणि खरं बोलला तर ते दयेपोटी बोललेलं खोटं. माझ्याकडं आता काही उरलं नव्हतं. डॉक्टर झाले, पुस्तकं झाली, मुलाची शपथ झाली, हा झाला. उलट आता मीठसुद्धा त्यांच्या जेवणातून जाणार होतं. मी निमिषला म्हटलं, जा तुम्ही, तुमचं काम झालं. फार कडवटपणे म्हटलं.

त्यानं झाकण, वायर, सगळं बॅगेत भरलं. उंबऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. साताऱ्यातल्या त्या अर्ध्या पेल्यानंतर त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं, ओठ पांढरे पडले होते. पहिल्यांदा आला तेव्हा जिथं उभा होता तिथंच वळून उभा राहिला.

"काकू," तो म्हणाला, "जरा पाणी मिळेल का?"

मी मशीनकडं वळले. तो म्हणाला, मशीनचं नको, नळाचं द्या, आणि काकूंच्या हातचं. आत्या दचकल्या.

"माझ्या हातचं मागू नगंस. माझ्या हातचं पिऊन ते गेले."

 तो बॅग बाजूला ठेवून उंबऱ्यावर बसला आणि डोकं चौकटीला टेकलं. प्रियदर्शनी पाणी आणायला उठली, मी तिचा हात धरला. आत्या त्याच्याकडं बघायच्या, फोटोकडं बघायच्या, पुन्हा त्याच्याकडं. तहानलेलं माणूस त्यांच्या उंबऱ्यावर असं कधी बसलं नव्हतं. त्यांचा जीव नुसता कासावीस झालेला मला दिसत होता, तरी मी प्रियदर्शनीचा हात सोडला नाही.

शेवटी त्या उठल्या. आधाराला पुढं झाले तर हातानंच मला मागं सारलं. भिंतीला धरत धरत आत गेल्या, पिठाच्या डब्यामागं लपवलेला तांब्या काढला, विसळला, नळाखाली धरला. त्यातही गुळाचा खडा विसरल्या नाहीत. निमिषनं तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायलं आणि म्हणाला, अजून द्या. त्यांनी पुन्हा भरून आणला. तोही त्यानं अर्धा संपवला आणि उरलेला खाली ठेवला.

आता जाऊ का, असं तो म्हणाला तर आत्यांनी त्याचं मनगट धरलं.

"हलायचं न्हाई. हितं माझ्याम्होरं बस."

मग सगळी दुपार त्या त्याच्यापुढं बसून राहिल्या. पोट दुखतंय का? गरगरतंय का? जीव घाबरा हुतोय का? दर थोड्या वेळानं हेच. तो म्हणायचा, नाही काकू, भूक लागलीय फक्त. मी पिठलं-भाकरी केली, मीठ घालून, आणि तो हावरटासारखा जेवला. मधे त्याचा फोन वाजत होता, बहुतेक साताऱ्याहून. त्यानं बघितलं आणि पालथा ठेवला. मी भांडी घासली, प्रियदर्शनी घरी गेली, ऊन दारातून भिंतीवर चढलं, आणि आत्या एखाद्या तापलेल्या पोराजवळ बसावं तशा बसून होत्या.

दिवेलागणीला त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"काय न्हाई झालं तुला."

"नाही काकू."

"मग त्यास्नी," त्या म्हणाल्या आणि पुढचं त्यांना बोलवेना.

मी निमिषकडं बघितलं. इथं तो गप्प बसला असता तर मी त्याला त्याच्या बॅगेसकट बाहेर काढलं असतं. पण या वेळी तो गप्प बसला नाही.

"काकांना आजारानं नेलं, काकू. तुमच्या पाण्यानं नाही."

आत्यांनी तो अर्धा राहिलेला तांब्या उचलला. दोन्ही हातांत धरला. मग तोंडाला लावला. पाणी हनुवटीवरून, मानेवरून, पदरावर सांडत होतं, पण घशातूनही जात होतं, मला आवाज ऐकू येत होता. मग मी तोंडात धरलेला पदराचा बोळा काढला.

निमिषला सोडायला मी कोपऱ्यापर्यंत गेले. आभार मानायची माझी इच्छा नव्हती आणि मी मानले नाहीत. एवढंच विचारलं की शेवटी पाणी मागितलं ते तहान लागली म्हणून, की ट्रेनिंगमधलंच?  तो म्हणाला, तहान लागली होती, ताई, पण मागितल्यावर आवाज तोच निघाला, दुसरा मला येतच नाही. मग त्यानं बॅग खांद्यावर घेतली आणि स्टँडकडं निघाला. ते झाकण बॅगेत होतंच.

परत आले तर आत्या मामांच्या फोटोखाली बसून रडत होत्या. मामा गेल्यापासून त्यांना असं रडताना मी बघितलं नव्हतं. रडून रडून घसा कोरडा पडला की थांबायच्या, तांब्यातलं घोटभर प्यायच्या आणि पुन्हा रडायला लागायच्या. मी त्यांना उगी राहा म्हटलं नाही. तांब्या रिकामा झाला तसा नळाखाली भरला आणि त्यांच्याजवळ आणून ठेवला.